प्रोस्टेटचा कर्करोग: वंश विचारा, पण तिथेच थांबू नका

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग गोऱ्या पुरुषांच्या सुमारे १.७ पट आढळतो आणि त्याने होणारे मृत्यू दुपटीच्या घरात आहेत. हे दोन आकडे नेहमी जोडीने छापले जातात आणि वाचणारा त्यातून चटकन एकच अर्थ काढतो, की त्यांच्या रक्तातच दोष आहे, त्यांची गाठच मुळात जास्त घातक असते. या विषयावरचं संशोधन वाचल्यावर मी एवढं ठामपणे सांगेन, की हा अर्थ अर्धाच खरा आहे आणि त्याचा उरलेला अर्धा भाग रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. आजार कोणाला होईल यात जनुकांचा वाटा मोठा आहे. आजार झाल्यावर कोण वाचेल, याचं उत्तर मात्र वंशात सापडत नाही.

जनुकांचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. आठव्या गुणसूत्रावर ८क्यू२४ नावाचा एक पट्टा आहे. त्यात प्रथिनं बनवणारी जनुकं फारशी नाहीत, पण शेजारीच पेशींच्या वाढीशी संबंध असलेलं एमवायसी हे जनुक आहे. या पट्ट्यातले बदल आणि प्रोस्टेटचा कर्करोग यांचा संबंध २००६ साली उघड झाला. यातले काही बदल आफ्रिकी वंशाच्या लोकांत कितीतरी अधिक आढळतात आणि एक तर जवळजवळ त्यांच्यातच सापडतो. तो असलेल्याची जोखीम साधारण दुप्पट होते. २०२१ साली दोन लाखांहून अधिक पुरुषांच्या डीएनएची तपासणी करून या पट्ट्यातले आणि इतर ठिकाणचे असे २६९ बदल एकत्र मोजले गेले. तेव्हा आफ्रिकी वंशाच्या पुरुषांची सरासरी जनुकीय जोखीम युरोपीय वंशाच्या २.१८ पट निघाली आणि पूर्व आशियाई पुरुषांची ०.७३ पट.

मात्र गाठीच्या आत डोकावलं, की चित्र इतकं सरळ राहत नाही. एकविसाव्या गुणसूत्रावर टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी ही दोन जनुकं एकमेकांपासून डीएनएच्या सुमारे तीस लाख अक्षरांवर आहेत. पहिलं पुरुष संप्रेरकाच्या इशाऱ्यावर चालतं. अनेकदा मधला तुकडा गळून पडतो आणि दोन्ही टोकं जुळतात. मग संप्रेरकाचा इशारा थेट ईआरजीला मिळू लागतो, शेजाऱ्याच्या बटणाने आपल्या घरातला दिवा लागावा तसा. मिशिगन विद्यापीठातल्या अरुल चिन्नैयन यांच्या गटाने २००५ साली दाखवलेली ही जोडणी गोऱ्या रुग्णांच्या जवळपास निम्म्या गाठींत असते, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या साधारण पाव गाठींत, आणि पूर्व आशियाई रुग्णांतही कमीच. म्हणजे ज्यांना हा आजार सर्वांत जास्त होतो आणि ज्यांना बराच कमी होतो, अशा दोन्ही समूहांत ही जोडणी कमी! वंशागणिक दिसणारा प्रत्येक रेणवीय फरक मृत्यूचं कारण म्हणून मांडणाऱ्यांनी या एका गोष्टीपाशी जरूर थांबावं.

उपचार सारखे मिळाले तर काय होतं, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, तीन लाखांहून अधिक रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासातून दिसतं. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत, जिथे उपचार सर्वांना सारखेच खुले असतात, आजाराची अवस्था जमेस धरल्यावर कृष्णवर्णीयांचे या कर्करोगाने होणारे मृत्यू गोऱ्यांपेक्षा जास्त निघाले नाहीत. माजी सैनिक हा निवडक गट आहे, असा आक्षेप यावर घेता येईल आणि तो रास्तच आहे. पण त्याच अभ्यासात पाहिलेल्या नियंत्रित चाचण्यांमधल्या रुग्णांतही तसंच दिसलं. इंग्लंडमधली आकडेवारी याला दुजोरा देते. तिथे आयुष्यभरात चारपैकी एका कृष्णवर्णीय पुरुषाला हा आजार होतो, गोऱ्यांत आठपैकी एकाला, आशियाईंत तेरापैकी एकाला. निदान झाल्यानंतर मात्र तिन्ही गटांत साधारण एक तृतीयांश रुग्ण याच आजाराने दगावतात.

मग वंश विचारणंच सोडून द्यावं का? माझं मत स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे. वंश न पाहता सगळ्यांना एकच नियम लावण्याचे परिणाम अमेरिकेने भोगले आहेत. २०१२ साली तिथल्या सरकारी तज्ज्ञगटाने सर्वच पुरुषांसाठी पीएसए या रक्तचाचणीने होणाऱ्या चाळणीविरुद्ध शिफारस केली. ज्या मोठ्या अमेरिकी चाचणीचा तिला आधार होता, तिच्यात कृष्णवर्णीय जेमतेम चार टक्के होते. ज्यांची जोखीम सर्वाधिक, त्यांच्याविषयी पुरावा सर्वांत तोकडा असताना निर्णय मात्र त्यांनाही लागू झाला. २०१८ साली ही शिफारस बदलली आणि ५५ ते ६९ वयोगटासाठी निर्णय डॉक्टर-रुग्णांच्या चर्चेवर सोपवला गेला. आता अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना कृष्णवर्णीय पुरुषांना चाळणी ४० ते ४५ या वयातच देऊ करायला सांगते, आणि कुटुंबात या आजाराचा ठळक इतिहास किंवा बीआरसीए२सारखा जनुकीय दोष असलेल्यांनाही.

हा शेवटचा भाग परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही नीट वाचावा. अर्जावर ‘आशियाई’ लिहिलं, की जोखीम कमी असं गृहीत धरलं जातं आणि सरासरीने ते बरोबरही आहे. पण स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशीही जोडलेला बीआरसीए२मधला दोष वंश पाहून येत नाही आणि तो आईकडूनही येतो. त्यामुळे डॉक्टरांना कुटुंबाचा इतिहास सांगताना वडील, काका आणि भाऊ यांच्यावर थांबू नका. आई, मावशी, आत्या किंवा बहीण यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर तोही कितव्या वर्षी झाला यासकट सांगा आणि जनुकीय चाचणी करायला हवी का, ते विचारा.