दहा अँपिअरचा फ्यूज
गणपतीला गावी जाताना आईचा नेब्युलायझर गाडीत कसा चालवायचा, हा प्रश्न आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी दोन मिनिटांत सोडवला होता. डोंबिवली ते संगमेश्वर हा रस्ता, आईचा दमा आणि भाद्रपदातली दमट हवा. गाड्यांच्या अॅक्सेसरीजच्या दुकानातून बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा इन्व्हर्टर आणला. त्याच्या डब्यावर २०० वॅट छापलं होतं आणि नेब्युलायझरच्या बुडाच्या पट्टीवर १५०. दोनशेत दीडशे सहज बसतात, एवढाच माझा हिशेब. घरी मोबाइलचा चार्जर लावून पाहिला, दिवा लागला, समाधान झालं. नेब्युलायझर मात्र लावून पाहिला नाही.

माणगावच्या अलीकडे रात्री दीडच्या सुमारास गाड्या ठप्प झाल्या. पाऊस लागलेला, पुढे मागे नुसते लाल दिवे. थोड्या वेळाने मागच्या सीटवरून आईच्या श्वासाची शिट्टी ऐकू यायला लागली. ज्यांच्या घरी दमा आहे त्यांना तो आवाज झोपेतही कळतो. बायकोने औषधाची कुपी कपात रिकामी केली, मास्क लावला, मी बटण दाबलं. मशीन सुरू झालं, पण आवाज वेगळा होता. घरी ते एका सुरात घुमतं. इथे आत काहीतरी सैल होऊन खडखडतंय असं वाटत होतं. मास्कमधली वाफही पातळ. तीन-साडेतीन मिनिटांत सगळं बंद पडलं. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा गेला. प्लग उपसायला हात घातला तर त्याच्या टोकाचा चटका बसला, आणि त्याभोवतीचं प्लॅस्टिक बोटाला मऊ लागलं. मोबाइलचा चार्जर लावला, तोही चालेना.

टॉर्च मारल्यावर सॉकेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला अक्षरं दिसली: १२ व्होल्ट, १२० वॅट. गाडी घेतल्यापासून ते झाकण मी शेकडो वेळा उघडलं होतं.

हिशेब साधा आहे आणि तो प्रत्येकाने घरी बसून करावा. वॅटला बाराने भागायचं. १५० भागिले १२ म्हणजे साडेबारा अँपिअर. बारा व्होल्टच्या डीसीची २३० व्होल्ट एसी करताना इन्व्हर्टर स्वतः दहा-पंधरा टक्के खातो, म्हणजे गाडीकडून जवळजवळ चौदा अँपिअर ओढले जाणार. आमच्या सॉकेटचा फ्यूज दहाचा, तो उडाला. बऱ्याच गाड्यांत तो दहा ते पंधराच्या आसपास असतो. इन्व्हर्टरच्या डब्यावर दोनशे लिहा की पाचशे, सॉकेटमधून मिळणारी वीज फ्यूजच ठरवतो. ही जागा मुळात सिगारेट पेटवण्यासाठी होती. लायटरची तार काही सेकंद तापायची आणि लायटर टकदिशी बाहेर यायचा. स्प्रिंगवर टेकलेल्या त्या टोकातून अर्धा अर्धा तास जड करंट नेला की ते तापणारच.

शेजारच्या गाडीतला एक जण मदतीला आला. माणूस चांगला, कळवळ्याने बोलत होता. "दादा, वीसचा फ्यूज टाका, माझ्याकडे आहे." आईची अवस्था पाहून मी तो हातात घेतलाही होता. बायकोने अडवलं. फ्यूज हा वायरीचा पहारेकरी आहे. वायर दहा-पंधराच्या बेताची आणि फ्यूज वीसचा, तर फ्यूज शाबूत राहील आणि डॅशबोर्डच्या आत, जिथे आपली नजर पोचत नाही तिथे वायर वितळेल. कुणी पत्रा किंवा तांब्याची तार गुंडाळून देतो म्हणाला तर त्याला हात जोडा. पेटत्या गाडीतून आजारी माणसाला बाहेर काढायला किती सेकंद मिळतात, याचा विचार मी त्या रात्रीनंतर पुष्कळ वेळा केला आहे.

रस्त्याच्या कडेला एका घराच्या पडवीत दिवा जळत होता. मी दार वाजवलं. आतल्या काकूंनी कारण पुरतं ऐकूनही घेतलं नाही, "आजींना आधी आत आणा" म्हणाल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्लगवर आईने वाफ घेतली. मशीन घुमलं, घरच्यासारखं. वीस मिनिटांनी आईचा उतरलेला चेहरा सैल झाला.

आवाजाचं कारण मला नंतर कळलं. स्वस्त इन्व्हर्टर खरी साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट, देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची, चौकोनी वेव्ह देतो. मोबाइलच्या चार्जरला फारसा फरक पडत नाही, पण मोटर आणि कॉम्प्रेसर असलेल्या वस्तू त्यावर गुरगुरतात, जास्त तापतात, कमी काम करतात. शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून नेब्युलायझर, मिक्सर, छोटा फ्रिज यांना प्युअर साइन वेव्हच हवी, आणि तीही बरीच मोकळीक ठेवून. पाणी तापवायची किटली, इस्त्री, हेअर ड्रायर यांचा विचारच सोडा. १५०० वॅटची किटली म्हणजे सव्वाशे अँपिअर. एवढा करंट गाडीची बॅटरी स्टार्टरला देते तो काही क्षणांपुरता.

त्याच गणपतीत दुसरी चूक झाली. गावात वीज गेली, पोरं घामाघूम. मी क्लिपवाला मोठा इन्व्हर्टर थेट बॅटरीला जोडून एक पंखा आणि दोन दिवे चालवले. इंजिन बंद. सगळं मिळून नव्वद वॅट, म्हणजे साडेआठ अँपिअर तरी. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. चार तासांत ती संपली, आणि सकाळी गाडीने हूं की चूं केलं नाही. गाडी ऑटोमॅटिक, ढकलून चालू होत नाही. ही बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरता एक जोरदार झटका द्यायला बनवलेली असते. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी तळापर्यंत वापरली की कायमची अशक्त होते. इंजिन चालू ठेवू या, असंही कुणी सुचवलं होतं. गाडी पडवीला लागून, आतल्या खोलीत सगळे झोपलेले. चुलतभावाने ते होऊ दिलं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

सर्व्हिस सेंटरच्या मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर बहुधा एक छोटा सेन्सर असतो. बॅटरीत किती आलं, किती गेलं, हे तो मोजतो. निगेटिव्ह क्लिप थेट टोकाला लावली की तो वापर त्याला दिसत नाही आणि गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो. अशा गाडीत निगेटिव्ह बॉडीच्या अर्थिंगला घ्यायची.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर गोष्ट वेगळी. ह्युंदाईच्या आयोनिक ५ मधून साडेतीन किलोवॅटच्या वर आणि २०२३ नंतरच्या नेक्सॉन ईव्हीच्या काही मॉडेलांतून सव्वातीन केव्हीएच्या आसपास थेट घरगुती वीज काढता येते. तिथे किटलीही चालते. पण त्यासाठी कंपनीचाच अडॅप्टर घ्या.

पेट्रोल-डिझेलवाल्यांना मी सांगतो: आजारी माणसाचं औषध सॉकेटवर टांगू नका. डॉक्टरांशी बोलून आम्ही सेलवर चालणारा, तळहातात मावणारा मेश नेब्युलायझर घेतला. पंप आणि स्पेसरचं तंत्रही आईला त्यांनी शिकवलं. लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर लागत नाही, टाइप-सीचा चांगला कार चार्जर पुरतो. जुना नेब्युलायझर राखीव म्हणून जवळ असतो. त्यासाठी सर्व्हिस सेंटरकडूनच, वॉरंटीचं विचारून, बॅटरीपासून जाड वायरची वेगळी लाइन ओढून घेतली. तिला बॅटरीजवळच स्वतंत्र फ्यूज आणि पुढे ३०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर.

यंदा निघायच्या चार दिवस आधी सोसायटीच्या मोकळ्या आवारात, इंजिन चालू ठेवून, आईला गाडीत बसवलं आणि पूर्ण डोस तिथेच दिला. दर पाच मिनिटांनी मी वायर, प्लग, इन्व्हर्टरची पाठ हाताने चाचपत होतो. कुठेही चटका नव्हता. आईने मास्क थोडा बाजूला केला आणि म्हणाली, "आता घरच्यासारखं वाजतंय."