कोंबडीस घरचे दाणे की विकतचे खाद्य?

परसातील कोंबड्यांस घरचे दाणे घालावेत की विकतचे तयार खाद्य, असे पुष्कळ गृहिणी आम्हांस विचारितात. ह्याचे उत्तर अंड्यातच आहे. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे चुन्यातील द्रव्य, असते. ते खाण्यातून न मिळाल्यास कोंबडी आपल्या हाडांतून देते. ज्वारी-बाजरीत ते अत्यल्प. प्रथिनेही शेकडा 10च्या आसपास, आणि अंड्यांवरील कोंबडीस तर शेकडा 16 तरी हवीत. म्हणून केवळ दाण्यांवरील कोंबडी थोडी व पातळ कवचाची अंडी देते.

मोकळी कोंबडी किडे व हिरवा पाला टिपून ही उणीव बरीच भरून काढिते. कोंडलेलीस ते साधत नाही, तीस तयार खाद्य द्यावे. मात्र अंड्यांवरील कोंबडीचे खाद्य पिलांस घालू नये. त्यातील अधिक कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

ज्यांस तयार खाद्य परवडत नाही, त्यांनी दाण्यांबरोबर वाळवी, शेवग्याचा पाला व कुटलेले शिंपले द्यावेत. बुरशी आलेली भुईमुगाची पेंड मात्र कदापि घालू नये. 1960 साली इंग्लंडात अशाच पेंडीने टर्कीची एक लाखाहून अधिक पिले मेली. स्वस्त म्हणून घेतलेली ती पेंड गरिबाचे खुराडे रिकामे करील.