रसायन तंत्रज्ञान जालन्याच्या दारी

निजामी राजवटीत जालन्याच्या विद्यार्थ्यास पदवीसाठी सहसा हैदराबादेस जावे लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. मराठी घरातील मुलापुढे विषयाआधी भाषेचाच डोंगर उभा राही. १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि हे अंतर साठेक किलोमीटरवर आले. रसायन तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी मात्र मुंबई गाठणे बहुधा क्रमप्राप्तच होते.

मुंबईतील रसायन तंत्रज्ञान संस्थेचे (आयसीटी) मराठवाडा संकुल २०१८ साली जालन्यात सुरू झाले, त्याचे महत्त्व यात आहे. मूळ संस्था १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून निघाली. २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला. डॉ. रघुनाथ माशेलकर हे तिचेच विद्यार्थी. जालन्यात रासायनिक अभियांत्रिकीचा पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. अभ्यासक्रम सुरू करण्यात आला. वर्षाची तीन सत्रे पाडून वर्गातील अध्ययनास कारखान्यातील प्रत्यक्ष प्रशिक्षणाची जोड देण्यात आली. ही योजना आम्हांस विशेष मोलाची वाटते. उष्णतेची देवघेव सूत्राने समजते खरी; पण धगधगत्या बॉयलरशेजारी उभे राहिल्यावाचून ती अंगी मुरत नाही. बियाणे आणि पोलाद यांसाठी नावाजलेल्या या शहरात असे अभियंते घडू लागले आहेत. त्यांतील किती जण पदवीनंतर येथेच राहतात, हे पाहावयाचे आहे.