मांजर व त्याची माती

जुन्या घरांस परस असे, व परसांत भुसभुशीत माती असे. मांजर तेथें जाऊन आपला विधि उरकून येई. त्यास हें कोणी शिकविलें, असा प्रश्न कोणाच्या मनांत कधीं आला नाहीं. आतां आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबें दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहतात. घरांत गुळगुळीत फरशी, खालीं अंगणांतही फरसबंदी. मांजर मात्र पूर्वीचेंच आहे. तेव्हां परसांतील माती घरांत आणून ठेवणें एवढाच उपाय उरतो. ती माती कोणती घ्यावी व मांजरास तिची संवय कशी लावावी, ह्याविषयीं विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस चार गोष्टी सांगाव्या, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

आपल्या मांजराचे पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशिया ह्या कोरड्या प्रदेशांतील रानमांजरें. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका थडग्यांत मनुष्याच्या शेजारीं मांजर पुरलेलें सांपडलें आहे. म्हणजे आपला व त्याचा सहवास फार जुना. (तरीही आपल्या प्रॉटेस्टंट बायबलांत सिंह आहे, कुत्रा आहे, मुंगीदेखील आहे, पाळीव मांजराचें नांव मात्र कोठें नाहीं. मुलें मला ह्याचें कारण विचारतात व मी निरुत्तर होतों.) सुटी माती उकरून विष्ठा झांकणें हा ह्या जातीचा उपजत स्वभाव होय. पहिले सुमारें तीन आठवडे पिलूं आपण होऊन मलमूत्र विसर्जन करूं शकत नाहीं; आई चाटते तेव्हांच तें होतें. पुढें चौथ्या आठवड्याच्या सुमारास तें आपण होऊन माती उकरूं लागतें. म्हणून येथें शिकविण्याचें काम थोडें, आणि योग्य जागा देण्याचें काम मोठें.

पाश्चात्य घरांत पूर्वीं ह्या कामीं वाळू, लांकडाचा भुसा किंवा राख वापरीत. राख पायांस चिकटून घरभर पसरे. सन १९४७ मध्यें अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत एडवर्ड लो ह्या तरुणाकडे एक शेजारीण मांजरासाठीं वाळू मागावयास आली. कारखान्यांतील सांडलेलें तेल वगैरे शोषून घेणारे पदार्थ विकण्याचा त्याच्या घरचा धंदा होता. त्यानें तिला वाळूऐवजीं एका शोषक मातीचे कण दिले. ही माती कोणती? आपल्या घरांतील स्त्रिया जी चेहऱ्यास लावतात, त्या मुलतानी मातीच्याच जातीची! शेजारणीस ती इतकी आवडली कीं लोनें पांच पौंडांच्या पिशव्या भरून ६५ सेंटांस विकावयास काढल्या. वाळू इतकी स्वस्त असतां ही कोण घेणार, अशी दुकानदारास शंका आली. तेव्हां लोनें प्रथम त्या फुकट वाटावयास सांगितल्या. लवकरच तेच लोक पैसे देऊन ती मागूं लागले. १९८० नंतरच्या दशकांत बेंटोनाइट नांवाची चिकणमाती प्रचारांत आली. ओली होतांच ती फुगते व तिचा गोळा बनतो. तो गोळा जाळीच्या झाऱ्यानें उचलून टाकला म्हणजे बाकीची माती कोरडी राहते. ही माती आपल्या कच्छांत विपुल आहे, व तेथून ती परदेशींही जाते.

आज दुकानांत बेंटोनाइटखेरीज लांकडाच्या भुशाच्या गोळ्या, कागदाचे कण, सोयाबीनच्या चोथ्याचे दाणे, असे अनेक प्रकार मिळतात. माझें मत विचाराल तर बारीक कणांची, थोडी धूळ उडणारी व बिनवासाची माती घ्यावी. सुवास मनुष्याच्या नाकासाठीं घातलेला असतो. मांजराचें नाक आपल्याहून पुष्कळ तीक्ष्ण असल्यामुळें तें त्या वासास कंटाळून दूर जातें. लहान पिलें मात्र दिसेल तें तोंडांत घालतात, व पोटांत गेलेल्या बेंटोनाइटचा गोळा होण्याचें भय असतें. म्हणून तीं तीन-चार महिन्यांचीं होईपर्यंत त्यांस कागदाचे किंवा लांकडाचे कण द्यावे.

घमेलें किंवा पसरट पाटी मांजराच्या लांबीच्या दीडपट असावी, व तींत दोन-तीन इंच माती असावी. जितकीं मांजरें त्याहून एक पाटी अधिक ठेवावी. तिची जागा निवांत, परंतु वाट मोकळी असलेली हवी. अन्नपाण्याजवळ ती कधींही ठेवूं नये. आपण तरी शौचकूपांत बसून जेवूं काय? पिलूं झोंपेंतून उठलें किंवा जेवलें कीं त्यास हळूच मातींत नेऊन ठेवावें. पंजे धरून उकरविण्याची गरज नाहीं. चुकलें तर त्याचें नाक त्या घाणींत खुपसण्याची आपल्याकडील रीत अगदीं टाकून द्यावी. तिनें मांजर एवढेंच शिकतें कीं ह्या मनुष्यापासून लपून बसावें.

चुकलेली जागा फिनेलनें धुऊं नये, हें मी आग्रहानें सांगतों. असल्या द्रवांतील फिनॉल मांजराच्या यकृतास नीट पचवितां येत नाहीं. फरशीवरून तें पंजास लागतें, पंजा मांजर चाटतें, आणि विषबाधा होते. साबण व कोमट पाणी पुरेसें आहे. विष्ठा रोज काढावी. तींत कधीं कधीं टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा सूक्ष्म परोपजीवी असतो, व तो बाहेर पडल्यावर एक ते पांच दिवसांनीं संसर्गक्षम होतो. म्हणून रोजच्या सफाईनें बरेंचसें भय टळतें. गर्भवती स्त्रियांनीं हें काम दुसऱ्यावर सोंपवावें. इतरांनीं नंतर हात धुवावे. माती संडासांत ओतूं नये, नळ तुंबतो.

आतां माझी स्वतःची चूक सांगतों. आमच्या घरीं एक बोका होता, स्वच्छतेंत कोणास हार न जाणारा. एके दिवशीं त्यानें गादीवर थोडेसें मूत्र केलें. मीं त्यास रागावून बाहेरच्या गॅलरींत कोंडलें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच प्रकार. तो घमेल्यांत जाऊन बसे, ओरडे, उठे, पुन्हां बसे. आणि मी त्यास हट्टी समजत होतों. संध्याकाळीं माझ्या मुलीनें घमेल्यांत हात घालून पाहिलें व म्हणाली, "बाबा, माती कोरडीच आहे." आम्ही तसेच पशुवैद्याकडे गेलों. त्याचा मूत्रमार्ग तुंबला होता. बोक्यांचा हा मार्ग अरुंद असल्यामुळें त्यांस असें होतें, व वेळीं उपाय न झाल्यास एक-दोन दिवसांत प्राण जातो. वैद्यांनीं नळी घालून मार्ग मोकळा केला. घरीं येतांना मुलगी माझ्याशीं एक शब्दही बोलली नाहीं, व तिनें बोलावें असें मीं म्हटलेंही नाहीं.

बोका वांचला, परंतु पुढें आठ दिवस तो त्या घमेल्याजवळ फिरकेना. ती जागा व ती वेदना ह्यांची त्याच्या मनांत सांगड बसली असावी. मग दुसऱ्या खोलींत नवें घमेलें व निराळी, अधिक बारीक माती ठेविली. पहिल्या रात्रीं त्यानें ती नुसती हुंगली. तिसऱ्या दिवशीं पहांटे माती उकरल्याचा आवाज ऐकूं आला, तेव्हां मुलगी मला उठवावयास आली.