नोझल खोलायच्या आधी

पिकअप सकाळी चालू होत नाही म्हटलं की गॅरेजात पहिला पाना नोझलवर पडतो. माझी तक्रार तिथेच आहे. स्वतःची हकिकत उगाळत बसत नाही, तिने गेलेले पैसे परत यायचे नाहीत. पण डिझेल गाडीचा हा आजार ओळखायची एक रीत आहे. ती फुकटच्या तपासणीपासून सुरू होऊन महागाच्या कामापर्यंत जाते, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा ती उलटी चालवतात. येवल्यात याचा फटका बसतो तो लाल कांद्याच्या दिवसांत. डिसेंबर-जानेवारीत शेजारच्या निफाडचा पारा एक आकड्यावर उतरतो, रात्री भरलेली गाडी सकाळच्या लिलावासाठी अंदरसूलला नाहीतर लासलगावला निघायची असते, आणि माल गाडीत असताना मालक वाद घालायच्या स्थितीत नसतो. ‘नोझल गेल्या, पंप पण खोलावा लागेल’ असं कुणी म्हटलं की तो मान डोलावतो. असं म्हणणारा प्रत्येक जण खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. तो तपासल्याशिवाय बोलतो, आणि त्याची किंमत गाडीवाला मोजतो.

आधी इंजिनाला काय लागतं ते पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि आत फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. म्हणजे इंजिन जोरात फिरलं पाहिजे, हवा तापली पाहिजे आणि डिझेल वाटेत हवा न धरता पुऱ्या दाबाने पोचलं पाहिजे. कॉमन रेलच्या गाडीत तर रेलमधला दाब साधारण दोनशे बारच्या पुढे गेल्याशिवाय कंट्रोल युनिट इंजेक्टर उघडतच नाही. आता सेल, म्हणजे सेल्फ स्टार्टर, मंद फिरला तर काय होईल? हवा कमी तापेल, पंपाला वेग मिळणार नाही, रेलमध्ये दाब चढणार नाही. बिघाड बॅटरीचा, पण लक्षणं सगळी खराब नोझलची. गल्लत इथेच होते, आणि म्हणूनच पहिली तपासणी बॅटरीची आणि केबलची असली पाहिजे.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, ‘सेल तर फिरतोय की.’ फिरणं वेगळं आणि पुरेसं फिरणं वेगळं. ते कानाने ठरत नाही, मीटरने ठरतं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी, आणि सेल मारताना ती साडेनऊच्या खाली जाता कामा नये. ती गेली नाही तरी काम संपत नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर धरा, दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि दुसऱ्याला सेल मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंग खराब. तसंच प्लसच्या खुंटीपासून सेल्फच्या बोल्टापर्यंत. पिकअपचा सेल्फ सहज दोनशे अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला वाटेत ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा आला, तरी दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. हा अडथळा डोळ्याला दिसतो तेव्हा टर्मिनलवरच्या हिरव्या-पांढऱ्या खारासारखा दिसतो. बहुतेक वेळा तो दिसतच नाही, कारण तो चेसिसवरून इंजिनाला येणाऱ्या पट्टीच्या बोल्टाखाली, चिखल आणि गंजाच्या आड असतो. बोल्ट काढून, सँडपेपर मारून, परत आवळायला अर्धा तास लागतो. त्यात कमाई नाही, म्हणून तो बोल्ट कुणी सहसा सोडवत नाही.

‘ढकलली की लगेच चालू होते, म्हणजे बॅटरीच गेली,’ असंही लोक छातीठोक सांगतात. हे अर्धंच खरं आहे आणि मला ते माझ्या बाजूचं असूनही मान्य करता येत नाही. ढकलल्यावर इंजिन सेल्फपेक्षा जोरात फिरतं. त्या वेगात गळकी नोझल किंवा थकलेला पंपसुद्धा पुरेसा दाब देऊन जातो. तेव्हा ढकलस्टार्ट हा पुरावा नव्हे. त्यापेक्षा ट्रॅक्टरची चांगली बारा व्होल्टची बॅटरी जाड जंपर केबलने जोडून पाहा. मायनसचं टोक बॅटरीला न लावता इंजिनाच्या लोखंडाला लावा. सेल एकदम जोरात फिरून गाडी चालू झाली तर आधी विजेची बाजू पुरी करा, डिझेलच्या बाजूला हात नको.

सेल नीट फिरत असेल तर सायलेन्सरकडे बघा. सेल मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे शंका हीटर प्लगवर किंवा कॉम्प्रेशनवर. गाडीत हीटर प्लग असतील तर त्यांची वायर काढून बॅटरीच्या प्लसवरून टेस्ट लॅम्प प्लगच्या टोकाला लावा. दिवा लागला नाही तो प्लग मेला. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही, मग शोध हवेचा. रात्रभर उभी राहिली की अडते आणि दिवसभर एका सेलला चालू होते, अशी गाडी बहुधा कुठेतरी हवा धरते आणि लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत उतरतं. सेल मारायच्या आधी फिल्टरजवळचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबा. तेवढ्याने लगेच चालू झाली तर फिल्टरची रबर रिंग, तांब्याचे वॉशर आणि पाइपचे क्लॅम्प बघा. फिल्टर नुकताच बदलला असेल तर संशय तिथूनच सुरू करा. याउलट थंड असताना छान आणि गरम झाल्यावर अडणारी गाडी वेगळी. तिच्यात क्रँक सेन्सर किंवा इंजेक्टरचा रिटर्न, म्हणजे तिथून परत जाणारं डिझेल, आधी तपासावा. म्हणून कधी अडते हा प्रश्न पान्याच्या आधी यायला हवा. जो मिस्त्री तो विचारत नाही, त्याच्या हाती गाडी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

स्कॅनर लावणाऱ्यांचा मोठा भरवसा कोडवर असतो. रेल प्रेशर कमी, असा कोड आला की इंजेक्टर बाहेर. कोडने दाब कमी आहे एवढंच सांगितलं, का कमी आहे ते सांगितलं नाही. मंद सेल, हवा, तुंबलेला फिल्टर, गळका रिटर्न, सगळ्यांचा कोड एकच येऊ शकतो. त्याच स्कॅनरवर सेल मारताना इंजिनाचे फेरे आणि रेलचा दाब चालू आकड्यांत दिसतात, ते दाखवायला सांगा. फेरे शून्य दिसले आणि इंजिन फिरत असेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. डिझेल भेसळीचं आहे, ही दुसरी पळवाट. फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरमधलं डिझेल काचेच्या बाटलीत सोडून तासभर ठेवा, पाणी तळाला वेगळं दिसतं. पेट्रोलपंपावर घनता मोजून दाखवा म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे, तो वापरा. शेतावर ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलवर मात्र आधी शंका घ्या. आणि हवेच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे किंवा पेट्रोलचा बोळा कुणालाही धरू देऊ नका. तापलेल्या हीटर प्लगवर ते भलत्याच वेळी पेटतं आणि पिस्टन, रिंगा मोडतात.

अनुभवी मिस्त्रीला आवाजावरून कळतं, हे मी नाकारत नाही. पण ज्याला खरंच कळतं त्याला मीटर लावायला पाच मिनिटं जड जात नाहीत. नोझलचा दोष सिद्ध करायचीही साधी रीत आहे. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावायच्या आणि इंजिन फिरवायचं. एक बाटली इतरांपेक्षा झपाट्याने भरली तर तो इंजेक्टर दोषी. मग तो जरूर काढा. नोझल आणि इंजेक्टर बनवणारा बॉशचा, म्हणजे जुन्या मायकोचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, सातपूरला आहे. नाशिकला टेस्ट बेंच असलेल्या प्रयोगशाळाही आहेत. काढलेले इंजेक्टर तिथे तुमच्यासमोर बेंचवर लावायला सांगा, आकड्यांचा कागद मागा आणि बदललेले जुने भाग ताब्यात घेतल्याशिवाय बिल देऊ नका. मीटर, टेस्ट लॅम्प आणि जाड जंपर केबल या तिन्ही वस्तू एका नव्या कॉमन रेल इंजेक्टरच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी पैशांत येतात. लाल कांदा निघायच्या आत त्या घेऊन गाडीत ठेवा.