वर की खाली?

ग्वानाहुआतोला जायच्या आठ दिवस आधी तिथल्या घरमालकीणबाईंनी मला एका कागदाचा फोटो पाठवला होता. वहीतलं फाडलेलं पान, निळी शाई, ठसठशीत अक्षर. पहिली ओळ : गाडी गावात आणू नका. दुसरी ओळ हीच, फक्त खाली दोन रेघा मारलेली. मी ‘ग्रासियास’ लिहून पाठवलं आणि तो कागद विसरून गेले. दोन रात्रींसाठी भाड्यानं घेतलेल्या घराच्या बाईचं काय एवढं मनावर घ्यायचं? फोनमध्ये नकाशा होताच.

आम्ही तेव्हा केरेतारोत राहत होतो. नवऱ्याची चाकणहून तिकडच्या कारखान्यात बदली झाली होती. सासू-सासरे पुण्याहून आले होते, त्यांना मेक्सिकोतलं एखादं जुनं गाव दाखवायचं म्हणून ग्वानाहुआतो निवडलं. ऑक्टोबरातला शनिवार, कंपनीची गाडी, डिकीत चाकांच्या दोन भल्यामोठ्या बॅगा आणि डब्यात धपाटे.

गावात शिरलो आणि बोगदा लागला. बोगद्यात आणखी एक बोगदा फुटला. फोनमधली बाई ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ म्हणाली, आणि डावीकडे दगडी भिंत होती. मग ती गप्पच झाली. आम्ही बाहेर आलो ते डोंगरावरच्या वळणावळणाच्या रस्त्यावर. पुन्हा खाली, पुन्हा बोगदा. तिसऱ्या फेरीला सासूबाईंनी पिशवी मागितली. सासरे एवढंच म्हणाले, “हे मगाशीच पाहिलं ना आपण?”

फोन सुरू झाल्यावर बाईंना लावला. त्यांनी पत्ता विचारला नाही की जवळ काय दिसतंय तेही विचारलं नाही. पहिला प्रश्न, “आर्रिबा ओ आबाहो?” वर की खाली? मला उत्तर देता येईना.

त्या प्रश्नाचा अर्थ नंतर कळला. हे गाव एका अरुंद घळीत वसलेलं आहे. मधून नदी वाहायची आणि दर काही वर्षांनी गाव बुडवायची. 1905च्या मोठ्या पुरानंतर नदी वळवली गेली आणि 1960च्या दशकात तिच्या कोरड्या पात्रातून मोटारींचा रस्ता काढला. वर जुन्या वाड्यांची जोती, कमानी, सज्जे, खाली गाड्या. खाणकामगारांचं गाव, त्यामुळे डोंगर पोखरणं अंगवळणी पडलेलं. पुढे बोगदे वाढतच गेले. नकाशातला निळा ठिपका बरोबर घरावर होता, तो खोटं बोलत नव्हता. आम्ही घराच्या खाली होतो. नकाशावर उंची दिसत नाही, एवढी साधी गोष्ट.

तेव्हा गाडी घेऊन येणाऱ्यांना माझं सांगणं बाईंचंच आहे. ती गावाबाहेरच्या पैसे देऊन लावायच्या वाहनतळावर सोडा आणि सिटीबसनं आत या. खालच्या रस्त्यावरच बसचे थांबे आहेत, तिथून दगडी जिने वर गावात निघतात. मेक्सिको सिटीहून येणार असाल तर गाडीचा विचारच सोडा. उत्तरेकडच्या बसस्थानकावरून चांगल्या बसगाड्या आहेत, पाचेक तास लागतात. आम्ही तिघं त्या दिवशी एका थांब्यावर उतरून जिना चढलो. नवरा गाडी परत बाहेर नेऊन लावून आला, तो दोन तासांनी.

बॅगांचं सांगायचं राहिलंच. घरापर्यंत रस्ता नव्हता, ‘कायेहोन’ होता, म्हणजे पायऱ्यांची गल्ली. चाकं कुणाच्या कामाची? त्यातलं एक तर निखळून घरंगळत खाली गेलं. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून साडेतीनशे मीटर उंच. आपण सपाटीवरच आहोत असं वाटत राहतं आणि वीस पायऱ्यांत धाप लागते. सासऱ्यांनी पहिल्या संध्याकाळी घाई केली आणि रात्रभर डोकं धरून बसले. पहिला दिवस रिकामा ठेवा. पाठीवरची पिशवी घ्या, जाड तळव्याचे बूट घ्या आणि सूर्य मावळला की लागणारा स्वेटर. मेक्सिको म्हणजे वाळवंट आणि निवडुंग असं मनात धरून आलेली मी शाल पांघरून कुडकुडत होते.

कागदातली आणखी एक ओळ होती : रस्त्यात हात करून थांबवणारे पोलीस नसतात. गावाच्या वेशीवर गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोघे आम्हाला भेटलेच होते. ‘पुढे रस्ता बंद आहे, आमची सहलीची गाडी घ्या.’ आम्ही घाबरून चौघांचे पैसे भरले. रस्ता बंद नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या सहलीत ज्या तीन जागी नेलं, त्यातल्या दोन दुकानं होती.

तिसरी जागा म्हणजे ममींचं संग्रहालय. 1865पासून इथल्या दफनभूमीतून काही प्रेतं बाहेर काढली गेली. कायमच्या जागेचं शुल्क नातेवाइकांनी भरलं नाही की प्रेत हलवायचं, असा नियम होता. कोरड्या कोनाड्यांतली काही शरीरं कुजलीच नव्हती, नुसती वाळली होती. आज ती काचेआड आहेत आणि लोक रांगेत उभे राहून बघतात. मला तो प्रकार सोसला नाही. गरिबी मेल्यावरही पाठ सोडत नाही, हे बघायला तिकीट कशाला काढायचं? बाईंच्या कागदात या जागेचं नाव नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, “ते आमचे शेजारी होते.” ममीच्या आकाराची पिळाची मिठाई मात्र बाजारात मिळते, ‘चारामुस्का’. सासूबाईंनी तुकडा चाखला आणि त्यांचा चेहरा उजळला. “अगं, हा तर गूळ!” खरंच, उसाच्या गुळाचीच असते ती.

खाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या शाकाहारी माणसांचं इथे फार चुकतं. मी दुकानात ऐटीत म्हणाले, “सिन कार्ने”, मांस नको. ताटात कोंबडी आली. मी हुज्जत घातली, तर वाढणारी मुलगी गोंधळली. तिच्या लेखी ‘कार्ने’ म्हणजे गाय नाहीतर डुक्कर, कोंबडी म्हणजे ‘पोयो’, ती वेगळी. मग भात मागवला. तो कोंबडीच्या पाण्यात शिजलेला असू शकतो. घोटलेल्या राजम्यासारख्या ‘फ्रिहोलेस’ला बरेचदा डुकराच्या चरबीची फोडणी असते, तिला ‘मान्तेका’ म्हणतात. सासूबाईंना हे मी अर्धा वाडगा संपल्यावर सांगितलं, आणि सांगायला नको होतं. बाईंनी कागदावर एक पूर्ण वाक्यच लिहून दिलं होतं, स्वयंपाकिणीला दाखवायला : सिन कार्ने, सिन पोयो, सिन काल्दो दे पोयो, सिन मान्तेका. मांस नको, कोंबडी नको, कोंबडीचं पाणी नको, चरबी नको. हे पाठ करा. मग ‘एन्चिलादास मिनेरास’ मागवा, खाणकामगारांचं खाणं : लाल मिरचीच्या रश्शात बुडवून परतलेल्या मक्याच्या पोळ्या, आत चीज, वर बटाटा आणि गाजर. कोंबडीची तंगडी बाजूला ठेवायची पद्धत आहे, ती आधीच नको म्हणा. मुख्य जेवण इथे दुपारी दोन ते चारमध्ये असतं. कामाच्या दिवशी बाजाराजवळच्या साध्या खाणावळीत ‘कोमिदा कोर्रिदा’ घ्या, म्हणजे राइस प्लेटच म्हणा ना.

बघायचं काय, तर बाईंच्या मते कमी. आल्होंदिगा दे ग्रानादितास हे दगडी धान्यकोठार नक्की. 28 सप्टेंबर 1810ला, स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यात, इदाल्गोंच्या बंडखोरांनी ते घेतलं. पाठीवर दगडी लादी घेऊन गोळ्या झेलत दार पेटवणारा खाणकामगार ‘पिपिला’ याची गोष्ट इथे प्रत्येक पोराला तोंडपाठ असते. पुढच्या वर्षी इदाल्गोंसह चौघा नेत्यांची मुंडकी याच इमारतीच्या चार कोपऱ्यांना टांगली गेली, ती 1821पर्यंत. सासरे तिथे बराच वेळ कोपऱ्याकडे बघत उभे होते. जवळच चित्रकार दिएगो रिवेराचा 1886मध्ये जन्म झाला ते घर आहे. सोमवारी अशी ठिकाणं बंद असतात, तो दिवस टाळा.

चुंबनाच्या गल्लीत, ‘कायेहोन देल बेसो’त, समोरासमोरचे दोन सज्जे जेमतेम 68 सेंटिमीटर अंतरावर आहेत. तिसऱ्या पायरीवर जोडप्यानं चुंबन घेतलं नाही तर सात वर्षं दुर्दैव, असं सांगतात. म्हणजे आपल्या साडेसातीपेक्षा सहा महिने स्वस्त. भर दुपारी सासू-सासऱ्यांना घेऊन त्या रांगेत उभं राहण्याची चूक मी केली. तुम्ही सकाळी आठला जा, गल्ली रिकामी असते.

पिपिलाच्या पुतळ्याकडे संध्याकाळी दोरखंडावर चालणाऱ्या गाडीनं वर जायचं आणि पायी खाली यायचं. आम्ही नेमकं उलट केलं. वर जायची गाडी तेआत्रो ह्वारेसच्या मागून सुटते. त्या नाट्यगृहाच्या समोरच गावातली माझी सर्वांत आवडती जागा आहे, हार्दिन दे ला उनियोन ही बाग. तिथली चौकोनी कापलेली दाट झाडं ‘भारताचे लॉरेल’ म्हणून ओळखली जातात. सासऱ्यांनी पान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, “नांद्रुक आहे हे.” त्यानंतर ते तिथून हलायलाच तयार नव्हते.

आणि ऑक्टोबर नको. स्पॅनिश लेखक सेर्वांतेसच्या नावाचा कलामहोत्सव 1972पासून इथे भरतो, तो याच महिन्यात. नाटक-संगीतासाठी येणार असाल तर खोली महिने आधी धरा. गाव बघायला येणार असाल तर दुसऱ्या कुठल्याही महिन्यात या, शनिवार-रविवार सोडून. बाईंचा लाडका दिवस म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीचा शुक्रवार, त्या दिवशी बागेत लोक एकमेकांना फुलं देतात. त्यासाठी मी पुढच्या वर्षी एकटी गेले. बसनं.

गेल्या महिन्यात नवऱ्याचा चाकणचाच एक सहकारी कुटुंबाला घेऊन तिकडे निघाला. म्हणाला, “वहिनी, लोकेशन पाठवा.” मी बाईंच्या कागदाचा फोटो पाठवला, वर मराठीत अर्थ लिहून. त्यानं अंगठा पाठवला.

शनिवारी रात्री साडेआठला त्याचा फोन आला. मागे मुलं रडत होती, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. “वहिनी, नकाशा म्हणतोय पोचलो, पण इथे नुसती भिंत आहे.”

“वर आहात की खाली?” मी विचारलं.

तिकडे जरा शांतता. मग, “म्हणजे?”