‘९२ व्या रस्त्यावरील घर’ : एका बोलपटाचा धडा

विद्यार्थिमित्रहो, रणांगणावर समोर उभा ठाकलेला शत्रु ओळखणें सोपें. परंतु जो आपल्याच शहरांत राहतो, आपल्याच कारखान्यांत काम करतो आणि तेथील गुपितें शत्रूस पोंचवितो, तो ओळखावा कसा? सन १९४५ मध्यें अमेरिकेंत निघालेल्या ‘द हाउस ऑन नाइंटी-सेकंड स्ट्रीट’, म्हणजे ‘९२ व्या रस्त्यावरील घर’, या बोलपटाचा हाच विषय आहे.

हेन्री हॅथवे यांनीं दिग्दर्शित केलेल्या या बोलपटांत बिल डीट्रिच नांवाच्या, जर्मन वंशाच्या एका अमेरिकन विद्यार्थ्यास नाझी हेर आपल्या कामास बोलावितात. तो हें वृत्त एफ्. बी. आय्. या मध्यवर्ती तपासखात्यास कळवितो आणि त्याच्याच सांगण्यावरून हेरांत मिसळतो. न्यूयॉर्कमधील एका घरांत, कपड्यांच्या दुकानाआड, हेरांचा अड्डा असतो. त्यांचा अदृश्य म्होरक्या कोण, हें येथें सांगून पाहणाऱ्यांचा रस घालवीत नाहीं. तपासखात्यानें टिपलेलीं कांहीं खरीं चलच्चित्रेंहि यांत दाखविलीं आहेत.

या कथेमागील खरी हकीकत अधिक बोधप्रद आहे. विल्यम सेबोल्ड हा जर्मनींत जन्मलेला कारागीर १९३६ मध्यें अमेरिकेचा नागरिक झाला. १९३९ मध्यें तो आईच्या भेटीस जर्मनीस गेला असतां नाझी अधिकाऱ्यांनीं धाक घालून त्यास हेरगिरी पत्करावयास लावलें. त्यानें वरकरणी रुकार दिला. परंतु कोलोन येथील अमेरिकन वकिलातींत जाऊन सर्व सांगून टाकलें. १९४० च्या फेब्रुवारींत तो न्यूयॉर्कला परतला. तपासखात्यानें त्याच्यासाठीं एक कचेरी थाटली. तेथें भिंतीवर आरसा होता आणि आरशामागें कॅमेरा. बोलणाऱ्या हेराबरोबर घड्याळ व कॅलेंडरहि चित्रांत येई. म्हणजे दिवस व वेळ यांविषयीं न्यायालयांत वाद उरूं नये. लाँग आयलंडवर बिनतारी केंद्र उभारून खात्याचींच माणसें सुमारें सोळा महिने जर्मनीस निवडक बातम्या पाठवीत राहिलीं. एकेक धागा हातीं आल्यावर १९४१ च्या जूनमध्यें मोठी धरपकड झाली. एकूण ३३ जणांपैकीं १९ जणांनीं गुन्हा कबूल केला; उरलेल्या १४ जणांस ज्यूरीनें डिसेंबरांत दोषी ठरविलें.

बोलपटानें यांत दोन मोठे फेरफार केले. अणुबाँबचें रहस्य कथेंत घातलें. खऱ्या खटल्याशीं त्याचा संबंध नव्हता. शिवाय परदेशांत जन्मलेल्या कारागिराच्या जागीं अमेरिकेंतच वाढलेला विद्यार्थी नायक केला. या दुसऱ्या फेरफारानें मोठा बोध झांकला गेला : ज्याचा जन्म व उच्चार पाहून शेजाऱ्यांनीं संशय घ्यावा, त्यानेंच देश राखला.

याच्या उलट उदाहरणहि त्याच देशांत घडलें. १९४२ मध्यें पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० लोकांस, त्यांतील बहुतेक जन्मानें नागरिक असतांहि, केवळ वंशावरून छावण्यांत कोंडण्यांत आलें. तेथें ना आरसा, ना घड्याळ, ना पुरावा ! १९८८ मध्यें अमेरिकन सरकारनें कायदा करून या अन्यायाबद्दल क्षमा मागितली.

मित्रहो, संशय एका क्षणांत उत्पन्न होतो. पुराव्यास सोळा महिने लागतात. वर्गांत एखादी वस्तु नाहींशी झाली कीं आपलें बोट प्रथम कोणाकडे वळतें आणि कां, याचा प्रत्येकानें मनाशीं विचार करावा. पालकांनींहि हा प्रश्न घरीं मुलांस अवश्य विचारावा.